आकडे जुळणं वेगळं, नियम सापडणं वेगळं

भरपूर निरीक्षणं जमली की नियम आपोआप हाती लागतो, असा एक समज आहे. पण नोंदींतून दोन निरनिराळ्या गोष्टी निघू शकतात: नोंदींवर चपखल बसणारी आकड्यांची मांडणी, किंवा त्या नोंदी तशाच का आल्या हे सांगणारं तत्त्व. वरवर पाहता दोन्ही सारख्याच दिसतात, कारण भाकितं दोन्ही करतात.

अठराव्या शतकात टिटियस आणि बोडे या जर्मन अभ्यासकांनी ग्रहांच्या अंतरांचं एक सोपं गणित मांडलं. ०, ३, ६, १२, २४ अशी साखळी घ्यायची, प्रत्येक आकड्यात ४ मिळवून १०ने भागायचं. सूर्य-पृथ्वी अंतर १ धरलं, तर शनीपर्यंतची अंतरं बऱ्यापैकी जुळतात. १७८१ मध्ये युरेनस सापडला, गणितानुसार १९.६, प्रत्यक्षात १९.२. मंगळ आणि गुरू यांच्यामधली २.८ची जागा रिकामी होती, तिथे १८०१ मध्ये सेरेस हा छोटा खगोल सापडला. इतकं जुळल्यावर कुणाचाही विश्वास बसेल.

पण युरेनस न्यूटनच्या गणिताबरहुकूम चालेना. गुरुत्वाकर्षण खरं असेल तर पलीकडून कुणीतरी त्याला ओढत असणार, असं धरून ल व्हेरिए या फ्रेंच गणितज्ञानं त्या अज्ञात ग्रहाची जागा काढली. २३ सप्टेंबर १८४६ रोजी खगोलशास्त्रज्ञ गाल्लेला बर्लिनमध्ये नेपच्यून दिसला, सांगितल्या जागेपासून एक अंशाच्याही आत. अंतर मात्र निघालं ३०. बोडेच्या गणितानुसार ३८.८ हवं होतं. (ल व्हेरिएनं सुरुवातीचा अंदाज बोडेच्याच मांडणीवरून घेतला होता, म्हणजे ती अगदीच निरुपयोगी नव्हती.) फरक मला इथे दिसतो: मांडणी चुकली तेव्हा ३८.८ऐवजी ३० का, यावर तिच्याकडे काहीच उत्तर नव्हतं. गुरुत्वाकर्षणाचं गणित जुळेना, तेव्हा शोध कुठे घ्यायचा हे त्या तत्त्वानंच सुचवलं.

अर्थात तत्त्वालाही अभय नसतं. बुधाची कक्षा न्यूटनच्या गणितापेक्षा शतकाला सुमारे ४३ विकला (एक विकला म्हणजे अंशाचा ३६००वा भाग) जास्तीची सरकत होती. ल व्हेरिएनं पुन्हा एक अज्ञात ग्रह सुचवला, सूर्याच्या आणखी जवळचा. तो कधीच सापडला नाही. उत्तर १९१५ मध्ये आइन्स्टाइनच्या सामान्य सापेक्षतेतून मिळालं. एकीकडे नवा ग्रह, दुसरीकडे नवं तत्त्व! नुसत्या विचलनाकडे पाहून यातलं कुठे काय निघणार, हे कुणालाच सांगता आलं नसतं. न्यूटनचं गणित त्यानंतरही टाकून दिलं गेलं नाही. गुरुत्वाकर्षण सौम्य असतं तिथे ते आजही चालतं, आणि का चालतं हे आइन्स्टाइनच्याच समीकरणांतून कळतं.