काइजू चित्रपट

काइजू चित्रपट (जपानीत 'काइजू एइगा') म्हणजे अवाढव्य प्राणी येऊन शहरं तुडवतात ते जपानी सिनेमे. 'काइ' म्हणजे विचित्र आणि 'जू' म्हणजे पशू. हा शब्द जुन्या चिनी ग्रंथांतून आलाय आणि मुळात त्यात आकाराचा काही संबंध नव्हता, मोठेपणा दाखवायला 'दाइकाइजू' असा वेगळा शब्द आहे, पण आता काइजू म्हटलं की पन्नास मीटरचाच प्राणी डोळ्यापुढे येतो. या सिनेमांची एक खास गंमत असते, रबरी सूट, खेळण्यातले रणगाडे, ओठांशी न जुळणारं डबिंग, आणि हे सगळं दिसत असूनही माणूस उठून जात नाही. या गंमतीला समीक्षेत 'कॅम्प' म्हणतात. इथे मुख्यतः 1954 ते 1975 च्या काळाबद्दल लिहिलंय, याला शोवा काळ म्हणायची पद्धत आहे. खरं तर सम्राटाचा शोवा काळ 1989 पर्यंत चालला, त्यामुळे 1984 चा गॉडझिला सिनेमा कॅलेंडरने शोवातच बसतो, तरी बहुतेक जण त्याला पुढच्या सम्राटाच्या काळाचं नाव दिलेल्या हेइसेइ मालिकेत धरतात आणि कथेची साखळी बघता तेच सोयीचं आहे.

सुरुवात कुठून धरायची यावर बराच काथ्याकूट झालाय. सरळ उत्तर म्हणजे 'गोजिरा' (बाहेर ज्याला गॉडझिला म्हणतात तो), तोहो कंपनी, 3 नोव्हेंबर 1954, दिग्दर्शक इशिरो होंडा, निर्माता तोमोयुकी तानाका, स्पेशल इफेक्ट्स एइजी त्सुबुराया, संगीत अकिरा इफुकुबे. तानाकाचा इंडोनेशियातला एक सिनेमा ऐनवेळी रद्द झाला होता आणि परतताना विमानातून खाली समुद्र बघता बघता त्याला कल्पना सुचली अशी गोष्ट सांगतात, ती जरा जास्तच सुबक वाटते. कारण 1 मार्च 1954 ला बिकिनी बेटांवर अमेरिकेने हायड्रोजन बॉम्बची चाचणी केली होती, त्याची किरणोत्सारी राख 'फुकुर्यू मारू' नावाच्या मासेमारी बोटीवरच्या 23 जणांवर पडली होती आणि जपानी पेपर त्याच बातम्यांनी भरलेले होते. शिवाय 'किंग काँग' हा अवाढव्य वानराचा अमेरिकी सिनेमा 1952 मध्ये पुन्हा प्रदर्शित होऊन चांगला चालला होता. या दोन गोष्टी असताना विमानाच्या खिडकीवर फार भिस्त ठेवायची गरज नाही.

काही अभ्यासक अजून मागे जातात. 1933 मध्ये शोचिकू कंपनीने किंग काँगवर बेतलेला एक विनोदी लघुपट काढला होता आणि 1938 मध्ये एदो काळात, म्हणजे जुन्या शोगुनांच्या जपानात, घडणारा काँगचा सिनेमा आला. दोन्हींच्या प्रिंट आज उरलेल्या नाहीत. 1938 च्या सिनेमातलं वानराचं सोंग फुमिनोरी ओहाशीने केलं होतं आणि पुढे गोजिराच्या सूटच्या कामातही त्याचा हात होता, म्हणून हाच पहिला काइजू चित्रपट असं म्हटलं जातं. पण त्यातलं वानर खरंच राक्षसी आकाराचं होतं की फक्त जाहिरातीत तसं दाखवलं होतं, याबद्दल शंका आहे. त्यामुळे 1954 हीच सुरुवात मानणं बरं.

नावाचीही भानगड आहे. 'गोरिरा' म्हणजे गोरिला आणि 'कुजिरा' म्हणजे देवमासा मिळून 'गोजिरा' झालं, इथपर्यंत सगळ्यांचं एकमत आहे. तोहोत एक आडदांड कर्मचारी होता, त्याचं हे टोपणनाव होतं आणि तेच उचललं, हा किस्सा मात्र कंपनीतल्याच लोकांनी वर्षानुवर्षं सांगितला. होंडाच्या पत्नीला तो पटत नव्हता, तिच्या मते स्टुडिओतल्या मंडळींना थापा मारायची हौस होती आणि नाव चर्चा करूनच ठरलं असणार. तिचं म्हणणं जास्त पटण्यासारखं आहे.

आता सूटबद्दल. त्सुबुरायाला काँगसारखंच स्टॉप-मोशन, म्हणजे बाहुली जराजरा हलवत एकेक फ्रेम टिपणं, करायचं होतं, पण त्याला सात वर्षं लागतील असं त्यानेच सांगितलं आणि हातात होते काही महिने. म्हणून बांबू आणि तारेचा सांगाडा करून वर लॅटेक्सचे थर चढवले आणि आत माणूस घातला. पहिला सूट 100 किलोच्या आसपास भरला, आतल्या हारुओ नाकाजिमाला त्यात धड चालताही येईना, म्हणून तो कापून पाय वेगळे वापरले. दुसरा त्यातल्या त्यात हलका केला. बघायला मानेत छोटी भोकं, वरून स्टुडिओचे प्रखर दिवे, आणि काढल्यावर सूटमधला घाम पिळून पेला भरायचा. नाकाजिमा काही हौशी नव्हता. हत्ती आणि अस्वलं कशी चालतात ते बघायला तो उएनोच्या प्राणिसंग्रहालयात जाऊन बसायचा, आणि 1972 पर्यंत बारा सिनेमांत गॉडझिला तोच होता. या तंत्राला पुढे 'सूटमेशन' नाव पडलं.

पण प्राणी मोठा वाटतो तो सूटमुळे कमी आणि कॅमेऱ्याच्या वेगामुळे जास्त, आणि हे नीट समजून घेण्यासारखं आहे. सूट घातलेला माणूस साधारण दोन मीटर, प्राणी पन्नास मीटर, म्हणजे शहर 1/25 मापात बांधायचं. आता एक मीटर उंचीवरून पडलेला विटेचा तुकडा 0.45 सेकंदात खाली येतो, पण तीच उंची खऱ्या मापात 25 मीटर असती तर 2.26 सेकंद लागले असते, म्हणजे पाचपट, कारण पडायचा वेळ उंचीच्या वर्गमुळाच्या प्रमाणात वाढतो. म्हणून सेकंदाला 24 ऐवजी 120 फ्रेम घेतल्या आणि 24 ने दाखवल्या की छोटी भिंत मोठ्या इमारतीसारखी रेंगाळत कोसळते. प्रत्यक्षात नेहमी इतका वेग ठेवत नसत, कारण फ्रेम वाढल्या की प्रकाश वाढवावा लागतो आणि सूटमधला माणूस भाजून निघतो, शिवाय त्याला सगळ्या हालचाली जास्त जोरात कराव्या लागतात. विजेचे मनोरे मेणाचे केले होते, गरम हवा आणि दिवे मारले की ते खरोखर वितळून वाकायचे. डरकाळीसाठी इफुकुबेने डबल बासच्या ढिल्या केलेल्या तारांवरून राळ लावलेला चामड्याचा हातमोजा घासला आणि टेप हळू चालवली. हे सगळं वाचल्यावर 1954 च्या सिनेमाला कोणी सहसा हसत नाही, आणि तो हसण्यासारखा नाहीच.

मग हसू आलं कुठून? अमेरिकन लेखिका सुझन सोंटॅगने 1964 च्या कॅम्पवरच्या निबंधात 'रोडान' या तोहोच्याच काइजू सिनेमासारखे जपानी विज्ञानपट उदाहरणादाखल घेतले होते, तिचं म्हणणं थोडक्यात असं की ते साधे, उथळ आणि बेफाम आहेत म्हणूनच गोड वाटतात, आणि खरा कॅम्प नेहमी अजाणतेपणी होतो. हे मत फार वापरलं जातं, पण साठच्या दशकातल्या तोहोला ते अर्धंच लागू पडतं. 1962 मध्ये काँग आणि गॉडझिलाची झुंज आली तेव्हा जपानमध्ये टीव्हीवरच्या प्रोफेशनल कुस्तीचं वेड होतं आणि नाकाजिमाने मारामारी त्याच धर्तीवर बसवली, दोघं एकमेकांवर दगड फेकतात ते तर व्हॉलीबॉलच वाटतं. वर कथेत एक औषध कंपनीवाला टीव्हीच्या रेटिंगसाठी राक्षस शोधत फिरतो, म्हणजे टिंगल उघडउघड आहे. त्सुबुरायाला पोरांनी हसावं असंच वाटत होतं, युनिटमधल्या काहींना ते आवडलं नाही आणि होंडाही त्यातलाच. 1965 मध्ये गॉडझिला परग्रहावर जिंकल्यावर चक्क उड्या मारत नाचतो, ती त्यावेळच्या 'ओसोमात्सु-कुन' या मांगातल्या (जपानी चित्रकथेतल्या) इयामी नावाच्या पात्राची 'शे' पोझ आहे, जपानी पोरांना लगेच कळायची. बाहेरच्या प्रेक्षकाला हा संदर्भ माहीत नसल्याने त्याला ते येडपटपणाचं वाटलं. त्यात हाँगकाँगमध्ये केलेली इंग्रजी डबिंग. म्हणजे परदेशात जे अजाणतं समजलं गेलं त्यातलं बरंचसं जाणूनबुजून केलेलं होतं, आणि हेच मत इथे जास्त ग्राह्य धरलंय.

अर्थात सगळंच जाणूनबुजून नव्हतं. सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं आणता येत नाही. पहिल्या सिनेमाची जपानात सुमारे 96 लाख तिकिटं गेली होती, 1975 च्या शेवटच्याची सुमारे 9 लाख 70 हजार. टीव्हीने प्रेक्षक नेले, त्सुबुराया जानेवारी 1970 मध्ये वारला, आणि जुन्या सिनेमांतली दृश्यं उचलून नव्यात घालायला लागले, लक्ष दिलं तर मारामारीच्या मध्येच गॉडझिलाचा चेहरा बदलतो. 1971 मध्ये गॉडझिला तोंडातून आग मागे सोडत उलटा उडतो आणि 1973 मध्ये शेपटीवर घसरत येऊन लाथ घालतो. हे दोन प्रसंग आवडतात की लाज वाटते यावरून चाहत्यांत दोन तट आहेत. दाइएइ कंपनीचा उडणारा कासव गामेरा (1965 पासून) पोरांचा मित्र म्हणून चालला, पण कंपनीच 1971 मध्ये बुडाली. निक्कात्सु आणि शोचिकूनेही 1967 मध्ये एकेक राक्षस काढून बघितला. लाट आपल्याकडेही पोचली होती, 1966 चा 'गोगोला' हा हिंदी सिनेमा, समुद्रातून राक्षस येतो आणि मुंबईवर चाल करतो.

सूट फेकून देत नसत, नवी शिंगं चिकटवून दुसरा प्राणी करायचे. 1966 च्या 'अल्ट्रामॅन' या टीव्ही मालिकेत, जिचा नायक अल्ट्रामॅन राक्षसांशी लढतो, जिरास नावाचा प्राणी आहे, तो म्हणजे गॉडझिलाचाच सूट, फक्त गळ्याभोवती मोठी झालर लावलेली, आणि आत पुन्हा नाकाजिमाच. मारामारीत अल्ट्रामॅन ती झालर उपटून काढतो आणि बैलाला डिवचावं तशी त्याच्यापुढे नाचवतो, झालर गेल्यावर पडद्यावर उरतो तो सरळसरळ गॉडझिला.