सिलिॲक विकार व ग्लुटेन-असहत्व

गहू, बार्ली आणि राय या धान्यांतील ग्लुटेन या प्रथिनसमूहामुळे काही व्यक्तींच्या पचनसंस्थेत आणि पर्यायाने इतर इंद्रियांत उद्भवणारे विकार. त्यांपैकी सिलिॲक विकार हा आनुवंशिक प्रवृत्ती असलेल्यांना होणारा स्वप्रतिरक्षित विकार (ज्यात शरीराची रोगप्रतिकारक यंत्रणा स्वतःच्याच ऊतकांवर हल्ला करते) असून ग्लुटेन-असहत्वाची संकल्पना त्यामानाने नवी व अजून वादग्रस्त आहे. गव्हाची ॲलर्जी या दोहोंहून वेगळी आहे.

ग्लुटेनातील ग्लायाडिन या घटकात प्रोलीन व ग्लुटामीन ही ॲमिनो अम्ले विपुल असल्याने पाचक एंझाइमांना त्याचे पूर्ण विघटन करता येत नाही. उरलेले पेप्टाइड-तुकडे लहान आतड्याच्या अस्तरात शिरतात, तेथे ट्रान्सग्लुटामिनेज हे एंझाइम त्यांत रासायनिक बदल घडविते आणि मग ते रोगप्रतिकारक कोशिकांच्या पृष्ठावरील एचएलए-डीक्यू२ किंवा डीक्यू८ या रेणूंशी घट्ट जोडले जाऊन टी-कोशिका या रोगप्रतिकारक पेशींना उद्दीपित करतात. मात्र हे रेणू घडविणारी जनुके सुमारे ३० ते ४० टक्के लोकांत आढळतात, तर विकार साधारणतः १ टक्का लोकांतच; म्हणजे जनुके आवश्यक असली तरी पुरेशी नाहीत.

यातून होणाऱ्या दाहामुळे आतड्यातील रसांकुर (अन्नरस शोषणारे बोटासारखे सूक्ष्म उंचवटे) झिजून सपाट होतात व शोषणाचे क्षेत्र घटते. अतिसार, पोटफुगी व वजन घटणे ही परिचित लक्षणे होत. परंतु प्रौढांत ती अनेकदा नसतातच. लोहाचे शोषण मुख्यतः लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात होत असल्याने, आणि हानीही तेथेच सर्वांत जास्त असल्याने, केवळ पांडुरोग हेच पहिले चिन्ह ठरू शकते. कॅल्शियम व ड जीवनसत्त्वाच्या अभावी हाडे ठिसूळ होतात, मुलांची वाढ खुंटते. खाज सुटणारे फोड, वंध्यत्व, तंत्रिकाविकार आणि क्वचित आतड्याचा लसीका-कर्करोगही संभवतो.

कॅपाडोशियाच्या (आजच्या तुर्कस्तानातील) अरेटिअस या ग्रीक वैद्याने इ. स. पहिल्या वा दुसऱ्या शतकात केलेले वर्णन याच विकाराचे मानले जाते, पण त्यात जुनाट अतिसाराचे इतर प्रकारही मिसळलेले असावेत. आधुनिक वर्णन इंग्लिश वैद्य सॅम्युएल जी (Gee) यांनी १८८८ मध्ये प्रसिद्ध केले. गव्हाचा दोष दाखविण्याचे श्रेय डच बालरोगतज्ज्ञ विलेम डिके यांना जाते. १९४४–४५ च्या हिवाळ्यातील दुष्काळात पाव मिळेनासा झाल्यावर मुले सुधारली व तेव्हा त्यांना हे उमगले, अशी कथा वारंवार सांगितली जाते. तथापि त्यांचे गहूविरहित आहाराचे प्रयोग १९३० नंतरच्या दशकातच सुरू झाले होते आणि त्यावरील लेखही १९४१ मध्ये आला होता, त्यामुळे दुष्काळाने आधीच्या कल्पनेला पुष्टी दिली, एवढेच म्हणणे अधिक सयुक्तिक वाटते. त्यांचा प्रबंध १९५० चा आहे.

ग्लुटेन-असहत्वात गहू खाल्ल्यावर पोटफुगी, पोटदुखी, थकवा व डोके जड होणे अशा तक्रारी होतात, पण रसांकुरांची झीज होत नाही व सिलिॲक विकारातील विशिष्ट प्रतिपिंडेही आढळत नाहीत. कारण ग्लुटेन हेच का, याविषयी मतभेद आहेत. २०१३ मधील एका ऑस्ट्रेलियन प्रयोगात, आतड्यात आंबणारी अल्पशृंखल कर्बोदके आहारातून कमी केल्यावर ग्लुटेनचा वेगळा परिणाम दिसला नाही. २०१८ च्या नॉर्वेजियन प्रयोगात तर गव्हातीलच फ्रुक्टान या कर्बोदकाने लक्षणे अधिक वाढली. गव्हातील अमायलेज-ट्रिप्सिन-रोधक प्रथिनांकडेही बोट दाखविले जाते. फ्रुक्टानाच्या बाजूचा पुरावा सध्या अधिक सबळ दिसतो, मात्र तो सर्व रुग्णांना लागू पडेलच असे नाही.

निदान रक्तातील ट्रान्सग्लुटामिनेज-विरोधी प्रतिपिंडांवरून व बहुधा आतड्याच्या बायोप्सीवरून (ऊतकाचा तुकडा काढून केलेल्या तपासणीवरून) करतात. तपासणीपूर्वीच ग्लुटेन सोडल्यास दोन्ही निष्कर्ष फसवे येऊ शकतात. स्वतःहून पथ्य सुरू करणाऱ्यांच्या निदानात हीच मोठी अडचण असते. सिलिॲक विकारात ग्लुटेन आयुष्यभर वर्ज्य करणे हाच मान्य उपचार असून, ‘ग्लुटेनमुक्त’ पदार्थात किलोग्रॅममागे २० मिलिग्रॅमपेक्षा जास्त ग्लुटेन नसावे, असा आंतरराष्ट्रीय संकेत आहे. शुद्ध ओट बहुतेकांना सोसतात. थोड्यांना तेही बाधतात.