वाटी निखळली की गुडघा?

ठाण्यात कबड्डीचा सामना रंगात आलेला असतो. चढाईला गेलेला पोरगा पाय रोवून गर्रकन वळतो आणि गुडघा धरून खालीच बसतो. बाहेरून ओरडा होतो, "गुडघा निखळला!" अशा वेळी बहुधा निखळलेली असते ती वाटी. दोन्हींत जमीन-अस्मानाचं अंतर आहे. वाटी निखळली तर मोसम वाया जाईल. गुडघा निखळला तर पायच गमावण्याची वेळ येऊ शकते.

वाटी हे मांडीच्या पुढच्या दणकट स्नायूच्या कंडरेत, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणाऱ्या दोरीत, बसलेलं हाड. तिच्यामुळे पाय सरळ करताना स्नायूला जास्त जोर मिळतो. मांडीच्या हाडाच्या खालच्या टोकाला पुढून एक खाच असते, तिच्यातून वाटी वर-खाली सरकते. करून बघा: पाय लांब करून बसा, मांडी अगदी सैल सोडा आणि वाटी दोन बोटांनी डावी-उजवीकडे ढकला. सहज हलते, कारण तेव्हा ती खाचेच्या वरच्या तोंडाशी असते. आता गुडघा वाकवा. साधारण 20 ते 30 अंशांपर्यंत वाकला की वाटी खाचेत उतरते आणि मग फारशी हलत नाही.

म्हणजे धोका पाय जवळजवळ सरळ असतानाचा. मांडीचं हाड तिरकं असल्याने स्नायू वाटीला थोडं बाहेरच ओढतो. तिला आवरायला खाचेची बाहेरची भिंत उंच असते आणि आतून एक अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड जोडणारी चिवट पट्टी, बांधलेला असतो. झटक्यात वळताना तो फाटतो. म्हणूनच वाटी जवळपास नेहमी बाहेरच्या अंगाला जाते, तिथे टेंगूळ दिसतं. पाय हळूच सरळ केला की पुष्कळदा ती आपली आपण जागेवर येते. तरी एक्स-रे हवाच, कारण कूर्चेचा तुकडा उडालेला असू शकतो. पुढे पट्टा आणि फिजिओथेरपी. तीही नेटाने करावी, ही दुखापत उलटण्यात पटाईत आहे.

गुडघा निखळतो तेव्हा मांडीचं हाड आणि नडगीचं हाड एकमेकांपासून सुटतात. पाम बीच रोडवर भरधाव बाइक आपटली तर होईल असली ही गोष्ट. एकाहून जास्त अस्थिबंध तुटतात, पण खरी भीती गुडघ्यामागच्या धमनीची. ती फाटली किंवा तुंबली तर साधारण 6 ते 8 तासांत रक्तपुरवठा परत सुरू व्हावा लागतो. घोडबंदरची ट्रॅफिकही त्यातच धरा.

फसगत अशी, की हा सांधाही कधी कधी आपणहून बसतो आणि हॉस्पिटलात पोचेपर्यंत पाय वरवर ठीक दिसतो. पाऊल गार, फिकट किंवा बधिर असेल तर ते आल्या आल्या डॉक्टरांना सांगा. मैदानात कुणालाही पाय ओढू देऊ नका, आहे तसा फळीला बांधा. पावलाची नाडी लागली तरी डॉक्टर ती पुन्हा पुन्हा बघतात, कारण धमनीच्या आतल्या अस्तराला चीर गेलेली असली तर तिथे गुठळी काही तासांनंतरही धरू शकते.