हक्काच्या कागदांतून आलेली वंशावळ

सप्टेंबर २०२३ मध्ये राज्य सरकारने निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली आणि मराठा समाजातील लोकांना कुणबी प्रमाणपत्र देता यावे म्हणून आधी मराठवाड्यात, मग सबंध राज्यात 'कुणबी' अशी जुनी नोंद शोधण्याचे काम सुरू झाले. त्या निमित्ताने जी कागदपत्रे तपासली गेली त्यांची यादी घराण्याचा शोध घेणाऱ्या कोणीही जपून ठेवावी अशी आहे : खासरा पत्रक, पाहणी पत्रक, कुळ नोंदवही, जन्ममृत्यूचा गाव नमुना १४, शाळांचे प्रवेश-निर्गम रजिस्टर, दुय्यम निबंधकांकडील खरेदीखते आणि मृत्युपत्रे, भूमी अभिलेख खात्यातील पक्का बुक आणि शेतवारपत्रक, इतकेच काय, पोलिसांचे अटक पंचनामे आणि तुरुंगातील कच्च्या कैद्यांची नोंदवहीसुद्धा. पणजोबांचे नाव कुठे कुठे सापडू शकते याचा इतका तपशीलवार पत्ता सामान्य माणसाला एरवी क्वचितच मिळतो. आज जिल्ह्यांच्या संकेतस्थळांवर या नोंदींच्या प्रतिमा पाहता येतात, मोडी वाचणाऱ्यांना मागणी आली आहे आणि त्याच ओघात अनेक घरांत ऑनलाइन वंशवृक्ष मांडण्याचा उद्योगही सुरू झाला आहे. हे कागद मुळात का लिहिले गेले, हे त्याआधी पाहायला हवे. कारण पूर्वजांची आठवण राहावी म्हणून त्यांपैकी जवळपास एकही लिहिला गेला नव्हता.

आपल्याकडे घराण्याची हकिकत कागदावर उतरली ती बहुतेक वेळा वादामुळे. पाटील, कुलकर्णी, देशमुख, देशपांडे ही वतने वंशपरंपरेने चालत आणि त्यांची वाटणीही होत असे, त्यामुळे भाऊबंदकीचे तंटे पिढ्यान्‌पिढ्या चालत. तंटा गोतसभेपुढे गेला की प्रत्येक पक्ष आपला 'करीना' सादर करी. मूळ पुरुष कोण, त्याला वतन कोणी दिले, त्याचे पुत्र किती, कोणाचा वंश खुंटला, कोण परागंदा झाला, असा सारा वृत्तान्त त्यात असे, आणि निवाडा झाल्यावर साक्षीदारांच्या निशाण्यांसह महजर, म्हणजे सभेचे निर्णयपत्र, होई. नांगर ही कुणब्याची निशाणी, कट्यार ही देशमुखाची. रोहिड खोऱ्यातील कारीच्या जेधे देशमुखांचा करीना आणि त्यांच्याच दप्तरातील शकावली, म्हणजे घटनांची सालवार टिपणे, हे अशा घरगुती कागदांचे सर्वांत गाजलेले उदाहरण. लोकमान्य टिळकांनी १९१६ साली प्रसिद्ध केलेल्या त्या शकावलीत शिवजन्माची तिथी फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी आहे आणि १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख तिच्याच आधारे पुढे स्वीकारली गेली. मात्र करीना हे एका पक्षाचे म्हणणे असते, एवढे वाचताना ध्यानात ठेवावे. त्यात स्वतःच्या शाखेचे पुरुष न चुकता येतात आणि प्रतिपक्षाच्या शाखेत नेमका एखादा 'निपुत्रिक' निघतो.

क्षेत्रोपाध्यांच्या वह्या श्रद्धेपोटी लिहिल्या गेल्या असे सहसा समजले जाते, आणि यात्रेकरूच्या बाजूने ते खरेही आहे. नाशिक, त्र्यंबकेश्वर, पंढरपूर, काशी, प्रयाग येथे गेलेला माणूस आपले गाव, आडनाव, वडील, आजोबा, भाऊ, मुलगे यांची नावे उपाध्यांच्या वहीत लिहून खाली सही करी, आणि पुढच्या पिढीतला कोणी आला की तीच वही उघडून त्याला आजोबांचे हस्ताक्षर दाखवले जाई. पण उपाध्यांच्या दृष्टीने ती वही म्हणजे अमुक गावाचे अमुक आडनावाचे यजमान आपलेच, या हक्काचा पुरावा होता. यजमानकृत्य वारशाने मिळे, भावांत वाटले जाई आणि त्यावरून दावेही चालत. म्हणूनच या वह्यांची रचना गाववार आणि आडनाववार असते. आपले मूळ गाव कोणते हे ज्याला ठाऊक नाही त्याला त्या वहीचा काही उपयोग नाही, आणि मुंबई-पुण्यात तिसरी पिढी वाढलेल्या घरांची अडचण नेमकी इथेच होते.

दक्षिण महाराष्ट्रात आणि सीमेपलीकडे कर्नाटकात हेळवी आणि इतरत्र भाट हेही हेच काम करीत. ठराविक वर्षांनी गावात यायचे, घरापुढे बसून मूळ पुरुषापासूनची नावे म्हणून दाखवायची, नवे जन्म पोथीत चढवायचे आणि धान्य किंवा बिदागी घेऊन पुढच्या गावी जायचे, असा त्यांचा क्रम. दुसऱ्यांच्या दहा-बारा पिढ्या सांगणारा हेळवे समाज महाराष्ट्रात भटक्या जमातींच्या यादीत आहे, आणि आपल्या मुलांच्या जात प्रमाणपत्रासाठी त्याला २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीच्या वास्तव्याचा पुरावा द्यावा लागतो. ज्याला जमीन नव्हती आणि शाळा नव्हती, त्याचे नाव सरकारी दप्तरात कुठून यायचे?

सरकारी दप्तराची मोठी घडण १८१८ नंतर झाली. पेशवाई बुडाल्यावर इंग्रज अधिकारी एल्फिन्स्टनने जुनी कागदपत्रे ताब्यात घेतली, ती जमिनीचा सारा कोणाकडून किती घ्यायचा आणि कोणाला माफ करायचा हे ठरवण्यासाठी. पुढे इनाम कमिशन आले आणि १८५२च्या ११ व्या कायद्याने इनामदारांवर आपला हक्क सिद्ध करण्याची पाळी आणली. सनद दाखवा, ती कोणाला मिळाली ते सांगा आणि त्याच्यापासून तुमच्यापर्यंतची पुरुष वंशावळ द्या, असा हा प्रकार असल्याने हजारो घराण्यांनी वंशावळी लिहून दिल्या. पुण्याच्या पुराभिलेखागारात, म्हणजे लोक अजूनही ज्याला पेशवे दप्तर म्हणतात तिथे, कापडी रुमालांत बांधलेल्या कागदांचा मोठा भाग या व्यवहारातून आलेला आहे. गो. स. सरदेसाई यांनी १९३० ते १९३४ या काळात त्यातील निवडक कागदांचे ४५ खंड संपादित केले, पण ते राजकीय इतिहासाच्या दृष्टीने. घराण्याचा शोध घेणाऱ्याला रुमालच सोडावे लागतात.

रुमाल सोडल्यावर काय दिसते, ते एका उदाहरणावरून पाहू. कागदाच्या डोक्यावर 'सुरू सन सलास खमसैन मया व अलफ' असा काळ असतो. हे अरबी अंक आहेत : तीन, पन्नास, शंभर आणि हजार, म्हणजे ११५३. हा सुहूर सन असल्याने त्यात ५९९ मिळवले की इसवी सन १७५२-५३ येते. वर्ष मृगाला बदलते, म्हणून दोन इसवी सने लिहावी लागतात. खाली नावे येतात ती 'रामजी बिन सुभानजी' अशी. बिन किंवा वलद म्हणजे अमक्याचा पुत्र, आणि बाई असेल तर 'सखू कोम रामजी', म्हणजे रामजीची बायको. आडनाव असेलच असे नाही. एका भावाचे वंशज हुद्द्यावरून पाटील राहिले आणि दुसऱ्याचे वंशज शाळेत नाव घालताना गावावरून अमुककर झाले, तर पुढे ही दोन घरे एकमेकांना परकी ठरतात. अशा वेळी बापाचे नाव, गाव आणि जमिनीचा तुकडा हे तिन्ही धागे जुळले तरच नाते मानावे. नुसत्या आडनावावरून मूळ पुरुष गाठणाऱ्याने थेट राजघराण्याला जाऊन भिडलेला वंशवृक्ष काढला, तर त्यात नवल नाही.

रयतेची नावे मोठ्या संख्येने आली ती जमीन मोजणीमुळे. गोल्डस्मिड आणि विंगेट या इंग्रज अधिकाऱ्यांनी १८३६ च्या सुमारास इंदापुरातून सुरू केलेल्या पद्धतीने शेताला सर्व्हे नंबर आणि नंबराला खातेदार मिळाला. १९०३च्या कायद्याने हक्कनोंदणी आली, आणि तिच्याबरोबर फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कातील प्रत्येक बदलाची नोंद. माझ्या मते सामान्य कुटुंबासाठी फेरफार हा सर्वांत बोलका कागद आहे. 'खातेदार मयत, वारस मुलगे दोन, पैकी धाकटा अज्ञान, पालक आई' एवढ्या ओळीत एक मृत्यू, दोन भाऊ, त्यांचे साधारण वय आणि एक विधवा इतके सारे येते. सातबाऱ्यावरचे अ.पा.क. (अज्ञान पालनकर्ता) आणि ए.कु.क. (एकत्र कुटुंब कर्ता) हे त्याच कथेचे अवशेष. १८७४च्या वतन कायद्याखालील नोंदींत महार वतनदारांचीही नावे आढळतात, आणि ज्या वतनाने राबवून घेतले म्हणून बाबासाहेब आंबेडकरांनी १९२८ साली मुंबई कायदेमंडळात दुरुस्तीचे विधेयक आणले, त्याच वतनाच्या कागदांतून आज काही दलित कुटुंबांना पणजोबांचे नाव मिळते. मराठवाड्यातील निजामकालीन दप्तर मात्र बरेचसे उर्दूत आहे आणि तिथे फसली हा महसुली सन चालतो.

गोव्याची गोष्ट निराळी असली तरी तिचे सूत्र तेच. दियोगु द कोतु याच्या हाताखाली १५९५ साली सुरू झालेले तिथले अभिलेखागार भारतातील जुन्या अभिलेखागारांपैकी एक. चर्चच्या बाप्तिस्म्याच्या वह्या आणि गावकारीची, म्हणजे गावाची सामाईक जमीन सांभाळणाऱ्या संस्थेची, दप्तरे यांमुळे गोव्यातील काही घराणी फार मागे जाऊ शकतात. गावकारीत नाव लागले तर जोण, म्हणजे उत्पन्नातला वाटा, मिळे, म्हणून नाव लागे. हल्ली या शोधाला उठाव आला आहे तो पोर्तुगीज नागरिकत्वामुळे, कारण १९ डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेल्या आजी-आजोबांचा जन्मदाखला लिस्बनमध्ये नोंदवता येतो. मॉरिशसला गेलेल्या मराठी मजुरांचे कागद मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. १८३४ पासून त्या बेटावर उतरलेल्या सुमारे साडेचार लाख करारबद्ध मजुरांपैकी प्रत्येकाला क्रमांक मिळे आणि त्यापुढे नाव, बापाचे नाव, वय, जात, गाव लिहिले जाई, पुढेपुढे छायाचित्रही. मजूर मळा सोडून पळाला तर ओळखता यावा हा त्यातला हेतू. गावांची नावे कारकुनाने ऐकू आली तशी रोमन लिपीत लिहिल्याने रत्नागिरीकडचे एखादे खेडे त्यातून ओळखणे हे कोकणी माणसाचेच काम आहे.

ऑनलाइन साधनांचा उगम आणखी वेगळ्या ठिकाणी आहे. मृत पूर्वजांसाठी धर्मविधी करता यावेत म्हणून त्यांची नावे शोधणे हे अमेरिकेतील मॉर्मन या ख्रिस्ती पंथाच्या अनुयायांचे कर्तव्य. त्यासाठी १८९४ मध्ये युटात स्थापन झालेल्या संस्थेने १९३८ पासून जगभरच्या नोंदींचे सूक्ष्मपट (मायक्रोफिल्म) घेतले आणि १९७०च्या दशकात हरिद्वारच्या पंड्यांच्या वह्यांपर्यंत ती पोहोचली. तिचेच आजचे रूप म्हणजे फॅमिलीसर्च, आणि वंशवृक्षाची माहिती एका प्रणालीतून दुसरीत नेण्याचा जेडकॉम हा १९८४चा साचाही तिचाच. जेनी, मायहेरिटेज यांसारखी व्यापारी संकेतस्थळे नंतर आली. या साऱ्यांनी गृहीत धरलेला माणूस युरोपीय चर्चच्या वहीतला आहे : एक नाव, एक आडनाव, एक जन्मतारीख. आपल्याकडे नातवाला आजोबांचे नाव ठेवतात, त्यामुळे 'गणेश रामचंद्र' आणि 'रामचंद्र गणेश' एकाआड एक पिढी येत राहतात, आणि जन्मसाल नोंदवलेले नसले की संकेतस्थळ आजोबा आणि नातू ही एकच व्यक्ती असल्याचे सुचवते. अशी सूचना मान्य करण्याआधी दोन पिढ्या खाली-वर तपासून घ्याव्यात, कारण अनेकांच्या सामाईक वृक्षात एकदा झालेली जोडणी सोडवणे फार कष्टाचे असते.

सर्वांत मोठी पोकळी स्त्रियांची आहे, आणि तिचे कारण वर आलेच आहे : वतन, इनाम आणि जमीन पुरुषाकडून पुरुषाकडे जाई. विसाव्या शतकात कोकणस्थ, कऱ्हाडे, देशस्थ घराण्यांनी छापलेल्या कुलवृत्तान्तांत सुनांचे माहेर आणि माहेरचे नाव येऊ लागले, पण लग्नानंतर नाव बदलण्याच्या रिवाजामुळे लेकीचा माग बहुधा सासरच्या कुलवृत्तान्तातच काढावा लागतो. २००५च्या दुरुस्तीने हिंदू एकत्र कुटुंबात मुलगी सहदायाद, म्हणजे जन्मतः वाटेकरी, झाली, तेव्हापासून वारस नोंदीत लेकींची नावे अधिक दिसतात, आणि हक्कसोडपत्रांतही. १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या सरकारी कागदपत्रांवर राज्यात मुलाचे नाव, आईचे नाव, वडिलांचे नाव आणि आडनाव या क्रमाने नोंद होते.