हात फारियाचे, झोप आपली

पणजीत जुन्या सचिवालयाच्या बाजूला तो पुतळा आहे ना, झग्यातला पाद्री आणि त्याच्या पसरलेल्या हातांखाली कोसळलेली बाई, लहानपणी तिथून जाताना मी आईचा हात घट्ट धरायचो कारण भावाने सांगितलेलं की तो बाबा भुतं काढतो. तो आबे फारिया, आपल्या कांदोळीचा, जन्म १७५६. गंमत बघा, पुतळ्यात सगळी जादू हातात दिसते आणि फारियाचं सगळं सांगणंच हे होतं की हातात काही नाही.

त्याच्या आधी पॅरिसमध्ये मेस्मर नावाच्या डॉक्टरची जाम हवा होती. त्याचं म्हणणं, अंगात एक अदृश्य चुंबकी द्रव वाहतो, तो अडला की माणूस आजारी पडतो आणि डॉक्टरने हात फिरवला की मोकळा होतो. १७८४ ला राजाने चौकशी बसवली, त्यात अमेरिकेचा बेंजामिन फ्रँकलिन होता, रसायनशास्त्रज्ञ लाव्हाजिए होता. फ्रँकलिनच्या बागेत एका झाडाला म्हणे चुंबकत्व दिलं आणि डोळे बांधून एका बारा वर्षांच्या पोराला एकेका झाडापाशी नेलं, तर पोरगं चौथ्या, म्हणजे भलत्याच झाडाखाली बेशुद्ध! ही नुसती कल्पनाशक्ती, असं म्हणून फाईल बंद. पण अरे, नुसत्या कल्पनेने पोरगं आडवं होतं हीच तर खरी बातमी होती, नाही का?

फारियाने १८१३ पासून पॅरिसमध्ये हेच लोकांसमोर करून दाखवलं. खुर्चीत बसवायचा, झोपेचा विचार करा म्हणायचा आणि मग एकदम मोठ्याने, ‘झोपा!’ झोप येते ती झोपणाऱ्याच्या आतून, माझ्याकडून काही जात नाही, हा त्याचा मुद्दा.

आतून म्हणजे कुठून? तर फारिया म्हणाला रक्तातून, ज्याचं रक्त पातळ तो पटकन झोपतो. हसू नका. ॲरिस्टॉटलला मेंदू म्हणजे रक्त थंड करायची सोय वाटायची, मन हृदयात. चरकानेही मन हृदयातच ठेवलं, भेलसंहिता हा आयुर्वेदाचा दुसरा जुना ग्रंथ मात्र ते डोक्यात, तोंडातल्या टाळूच्या वर आहे म्हणतो. आणि आपण? ‘मनापासून सांगतो’ म्हणताना हात छातीवर, ‘डोकं फिरलंय’ म्हणताना बोट कपाळाकडे, दोन्ही एकाच दमात.

१८६१ मध्ये ब्रोका नावाच्या फ्रेंच डॉक्टरने नुसतं ‘तान’ एवढंच बोलू शकणाऱ्या पेशंटचा मेंदू तपासला, डाव्या बाजूला पुढे इजा सापडली, तेव्हा निदान बोलण्याला तरी डोक्यात पत्ता मिळाला. फारियाच्या झोपेला, म्हणजे आपण ज्याला संमोहन म्हणतो त्याला, तो मिळायला बराच वेळ गेला. १९९७ साली माँट्रियलमध्ये संमोहित माणसांचा हात चटका बसेल इतक्या गरम पाण्यात ठेवून कधी सांगितलं त्रास वाढतोय, कधी सांगितलं कमी होतोय. पाणी तेच, पण त्या सांगण्याप्रमाणे मेंदूच्या आतल्या घडीतल्या एका भागाचं काम कमीजास्त होताना स्कॅनमध्ये दिसलं. आणि स्कॅन काय मोजत होता, तर मेंदूत कुठे किती रक्त वाहतंय ते.