वाळवंटातले गणंग

“वाळवंटी रोप आहे, पाणी घालायचं विसरलात तरी चालतं.” बी विकणाऱ्यांचं हे आवडतं वाक्य. निवडुंगाच्या बाबतीत ते खपूनही जातं. ऑस्ट्रेलियातल्या ‘स्टर्ट्स डेझर्ट पी’ या रानफुलाच्या पाकिटावर मात्र ते छापू नये.

वाटाण्याच्या कुळातली ही जमिनीवर पसरणारी वेल. पानं राखाडी, लवदार. फुलं सुमारे 9 सेंटीमीटर लांब, लालभडक, आणि मधोमध काळाकुळकुळीत चकाकणारा फुगवटा. इंग्रज दर्यावर्दी विल्यम डॅम्पियरने 1699 मध्ये ऑस्ट्रेलियाच्या वायव्य किनाऱ्याजवळच्या बेटांवर तिचे नमुने गोळा केले. नाव मिळालं ते 1844 मध्ये खंडाच्या अंतर्भागात मोहिमेवर निघालेल्या चार्ल्स स्टर्टचं. 1961 पासून हे साऊथ ऑस्ट्रेलिया राज्याचं अधिकृत फूल आहे.

ही वेल पाऊस पडला की उगवते, भराभर फुलते, शेंगा धरते आणि बहुधा मरून जाते. कोरडी वर्षं काढायचं काम बीचं. ते कसं, हे आपल्या स्वयंपाकघरात दिसतं. मूग किंवा मटकी रात्रभर भिजवली की तळाशी काही गणंग दाणे तसेच टणक राहतात, दाताखाली आले की जीव जातो. डेझर्ट पीच्या बिया बहुतांश अशाच गणंग. कुळ एकच, युक्तीही एकच.

बीच्या सालीत उभ्या, लांबट, जाड भिंतींच्या पेशी एकमेकींना घट्ट खेटून उभ्या असतात. त्यांना मॅक्रोस्क्लेरीड म्हणतात. बी पुरेसं वाळलं की या थरातून पाणी आत शिरत नाही. पण मग आधी आतलं पाणी बाहेर पडलं कुठून? उत्तर दाण्याच्या डोळ्यात आहे, म्हणजे बी शेंगेला जिथे चिकटलेलं असतं त्या खुणेत. तिथे एक बारीक चीर असते. या कुळातल्या क्लोव्हर, ल्युपिन वगैरेंच्या बियांवर काम करून हाइड यांनी 1954 मध्ये दाखवलं, की ही चीर एकाच दिशेने चालणारी झडप आहे. हवा कोरडी असली की चिरेच्या कडेचा बाहेरचा थर आक्रसतो, चीर उघडते आणि आतली वाफ निघून जाते. हवा दमट झाली की तोच थर फुगतो आणि चीर मिटते. त्यामुळे बी वाळतं, पण पुन्हा ओलावा धरत नाही. आजवर भेटलेल्या सगळ्यात कोरड्या हवेइतकं ते कोरडं होतं आणि तिथेच थांबतं! स्नायू नाही, मज्जातंतू नाही, फक्त दोन थरांचं कमीजास्त फुगणं. मला तरी याहून देखणं यंत्र ठाऊक नाही.

मग ते उघडतं कधी? दिवसा तापणं, रात्री गार होणं, वाळूत घासलं जाणं, यांनी साल कुठेतरी तडकते. प्रत्येक बीची वेळ वेगळी, म्हणून एकाच पावसात सगळी उगवून सगळी मरायची भीती राहत नाही.

बागेत एवढी वर्षं थांबायला कोण तयार आहे? डोळ्याची बाजू सोडून दाणा पॉलिशपेपरवर घासा, किंवा नेलकटरने सालीचा टवका काढा. नाहीतर उकळून उतरवलेलं पाणी ओतून रात्रभर ठेवा. फुगलेल्या बिया पेरा, उरलेल्यांना पुन्हा टवका. हळदीच्या पाण्यात बुडवून, मंत्र ऐकवून, पौर्णिमा साधून उगवण वाढवणारे व्हिडिओ आहेत खरे. पण जिथे पाणी शिरत नाही तिथे हळद कशी शिरणार, आणि मंत्राला तर वाटच नको!

उगवल्यावर सुरुवातीला नियमित पाणी लागतंच, कारण सोटमूळ खोल जाईपर्यंत रोपाजवळ काही साठा नसतो. पुढे हात आखडता घ्यावा. साचलेल्या पाण्यात मूळ कुजतं. काळ्या चिकण मातीत आणि आपल्या पावसाळ्यात हिचा निभाव लागणं कठीण. पेरायचीच तर पाऊस सरल्यावर, वाळू-खडी मिसळलेल्या मातीत, उंच कुंडीत आणि भरपूर उन्हात. रोप उपटून दुसरीकडे लावू नका, मूळ दुखावलेलं तिला सोसत नाही. कोवळ्या रोपांवर गोगलगायी तुटून पडतात, तेवढं रात्री बॅटरी घेऊन बघावं.

मुळाची ही कटकट टाळायला काही माळी वेगळाच मार्ग धरतात. तिच्याच कुळातल्या कोल्युटिया या झुडपाच्या कोवळ्या रोपाचा खुंट करून त्यावर नुकत्या उगवलेल्या डेझर्ट पीचं कलम बांधतात. काम नाजूक आहे, ब्लेड धारदार हवं. पण असं कलम कुंडीत जास्त टिकतं.