पायथॉन की जावास्क्रिप्ट? कृपा करून ‘एकच आहे’ म्हणू नका

इंदुरात उन्हाळ्याच्या सुट्ट्या लागल्या, की भंवरकुआंला कोडिंग क्लासचे फलक वाचत फिरणाऱ्या आई-बाबांना कुणीतरी हमखास सांगतं, “पायथॉन लावा नाहीतर जावास्क्रिप्ट, एकच आहे. दोन्हींत टाइप नसतात.” या दोन वेगळ्या प्रोग्रामिंग भाषा आहेत, त्यामुळे हे ऐकलं की माझं डोकं फिरतं.

(जावा ही आणखी तिसरीच भाषा, तिचं आणि जावास्क्रिप्टचं नातं नावापुरतं. तो विषय इथेच संपला.)

टाइप म्हणजे माहितीचा प्रकार, आकडा की मजकूर, आणि ते दोन्हींत असतात. व्हेरिएबल, म्हणजे माहिती ठेवायची नाव दिलेली जागा, करताना लिहावे लागत नाहीत, एवढंच. खरी गंमत ते जुळत नाहीत तेव्हा होते. नवशिक्याचा नेहमीचा प्रोग्राम घ्या: वय विचारायचं, पुढच्या वर्षीचं सांगायचं. मुलीनं १२ टाइप केलं. प्रश्न विचारून उत्तर घेणारं पायथॉनचं इनपुट असो की जावास्क्रिप्टचं प्रॉम्प्ट, हातात येतो तो मजकूर, आकडा नव्हे. त्यात १ मिळवायला गेलं की पायथॉन तिथेच थांबतो आणि ओळीच्या क्रमांकासकट ‘टाइपएरर’, म्हणजे टाइप न जुळल्याची चूक, दाखवतो. जावास्क्रिप्ट मुकाट्यानं उत्तर देते: १२१! बरं, अधिकच्या जागी वजा करा, तर तीच ११ देते, अगदी बरोबर. आता त्या पोरीनं काय समजायचं? तीन नावांच्या यादीतलं दहावं नाव मागितलं, तर पायथॉन अडवतो. जावास्क्रिप्ट ‘अनडिफाइन्ड’ (म्हणजे इथे काहीच नाही) हातावर ठेवून पुढे सरकते आणि चूक कुठेतरी खाली, भलत्याच ओळीत उगवते.

पायथॉनही अगदी साव नाही. तोच १२ चा मजकूर दोननं गुणा, १२१२ मिळतील, हूं की चूं न करता. जावास्क्रिप्ट इथे २४ देते. तरी रोज नडते ती बेरीज.

ब्रेंडन आइक यांनी १९९५ साली नेटस्केप या ब्राउझर बनवणाऱ्या कंपनीत जावास्क्रिप्टचा पहिला आराखडा दहा दिवसांत उभा केला, वेबपानावरच्या किरकोळ कामांसाठी. १९९१ साली बाहेर आलेल्या पायथॉनवर मात्र एबीसी या शिकवण्यासाठी घडवलेल्या भाषेचा संस्कार आहे.

सेमीकोलन, महिरपी कंस, ओळीआधीची मोकळी जागा यांवर लोक तासन्‌तास भांडतात. भांडू द्या, सवय होते.

माझ्या मते आधी पायथॉनच. सीबीएसईच्या अकरावी-बारावीला कॉम्प्युटर सायन्समध्ये तोच आहे. पोरांना वेबसाइटच करायची हौस असेल, तर जावास्क्रिप्टवाचून गत्यंतर नाही. मग प्रॉम्प्टमधून आलेलं आधी नंबरमध्ये बदलायला लावा, आणि तुलनेसाठी दोन बरोबरची चिन्हं नकोत, तीन; दोन असली की जावास्क्रिप्ट तिथेही टाइप मुकाट्यानं बदलून बघते.